आधी तोंडाने म्हण

अरे बाबा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, मग चहा ठेवून परत वाचला, आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा वाचताना जरा चिडलेच. तू म्हणतोस की गागाकूच्या, म्हणजे जुन्या जपानी दरबारी संगीताच्या, क्लासमध्ये सेन्सेई, तुझे गुरुजी, अजून र्युतेकी, ती बांबूची आडवी बासरी, ओठाला लावू देत नाहीत, सगळ्यांना गुडघे दुमडून बसवतात, मांडीवर हात मारत नुसतं 'तो रा रो रु रो, ता रो रा' म्हणायला लावतात. तुझी लहानपणापासूनची बासरी आहे, फुंक तयार, बोटं तयार, एतेनराकू या गागाकूतल्या तुकड्याचं स्टाफ नोटेशन, पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, मोबाइलमध्ये आहे, यूट्यूब स्लो करून ऐकता येतं, मग या शोगात, चाल नुसती तोंडाने म्हणण्यात, वेळ कशाला घालवायचा, क्लास सोडू का, असा प्रश्न.

नको सोडूस. एवढंच उत्तर पुरत असेल तर पुढचं वाचू नकोस, कारण पुढे मी एकच गोष्ट परत परत सांगणार आहे. आधी तोंडाने म्हण. वाद्य नंतर.

क्लासमध्ये दिलेलं पुस्तक उघड बघू. उभ्या ओळी आहेत, उजवीकडून डावीकडे. मधे मोठ्या काताकाना लिपीत काय लिहिलंय? तो, रा, रो. शोगा. त्याच्या डाव्या हाताला बारीक बारीक खुणा दिसतात त्या बोटांच्या, कुठलं भोक बंद कुठलं उघडं. उजवीकडे ठिपके आहेत ते ठेक्याचे, त्यातला मोठा ठिपका म्हणजे मोठ्या ताइकोचा, ढोलाचा, ठोका. आता मला सांग, ज्यांनी हे पान मांडलं त्यांना मुख्य काय वाटत होतं? बोटं बारीक अक्षरात आहेत रे. तू बारीक अक्षरं वाचतोयस आणि मोठी गाळतोयस, वर म्हणतोस की सेन्सेई वेळ घालवतात.

आणि तू र्युतेकीवाला आहेस, तुला तर पळवाटच नाही. एतेनराकू सुरू कोण करतं? मुख्य र्युतेकी, एकटी. कंडक्टर नाही, काउंट नाही, कोणी मान हलवून 'चला' म्हणत नाही. तू श्वास घ्यायचा आणि सुरू करायचं, साथीला फक्त तालवाद्यं, बाकीचे सगळे गप्प, शो (बांबूच्या नळ्यांचं फुंकवाद्य) आणि हिचिरिकी (छोटी सनईसारखी) वाजवणारे तुझ्यावर कान ठेवून बसलेले, आणि ठरलेल्या जागी ते आत येतात. तोपर्यंत सगळी चाल तुझ्या एकट्याच्या पोटात हवी. पुढच्या ठोक्याच्या आधी किती ताणायचं, श्वास कुठे तोडायचा, हे स्टाफ नोटेशनमध्ये तुला काळे गोळे म्हणून दिसेल, आणि काळे गोळे सरळ मोजशील तर मागचे चौघे चार दिशांना जातील. शोगा म्हणताना मांडीवर जो हात पडतो ना, तो हात म्हणजेच तो ताण. दहा जण एकत्र म्हणतात तेव्हा सगळ्यांचा हात एकदम खाली येतो, तो कोणी मोजून आणलेला नसतो. हे आधी शरीरात बसतं, बासरीत नंतर जातं. उलट होत नाही.

तुझी दुसरी तक्रार, ट्यूनरवर सगळं उतरलेलं दिसतं. दिसणारच, गागाकूचा 'ए' सूर 430 हर्ट्झला असतो, तू ट्यूनर 440 वर ठेवलायस. त्यात सेन्सेईंचा काय दोष.

आणि अ‍ॅपमध्ये सूर बदलून 'दुसऱ्या मोडमधलं एतेनराकू' तयार केलंस म्हणे! एतेनराकू तीन मोडमध्ये, म्हणजे सुरांच्या तीन चौकटींत, आहे, ह्योजो, ओशिकिचो आणि बान्शिकिचो, पण एकातली चाल उचलून वर सरकवली की दुसरी होत नाही. हिचिरिकी म्हणजे वीतभर बांबू, जेमतेम सप्तकापेक्षा थोडी जास्त झेप, त्यामुळे मोड बदलला की चाल वाद्याच्या आवाक्यात मावेल अशी वळते, दुमडते, कुठे कुठे ओळखू येत नाही. शोगाही बदलतो. अ‍ॅपला हे कसं कळणार, त्याला बांबू किती लांबीचा ते माहितीच नाही.

तू लिहिलंयस, 'म्हणजे आपल्या तबल्याच्या बोलांसारखंच ना ताई?' अर्धं बरोबर. तबल्याचा बोल म्हणजे बऱ्यापैकी आघाताचं नाव. शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचा तोंडी पाठ त्याच्या जवळ जातो, तिथे बारीक तार मोकळी असली की तेन, तीच दाबली की चिन, मधली मोकळी तोन, दाबली की त्सुन. कोतोमध्ये, त्या आडव्या ठेवलेल्या तंतुवाद्यात, दोन तारा एकदम छेडल्या की शान, तीन तारा ओळीने उतरल्या की कोरोरिन, आणि रोकुदान या कोतोच्या प्रसिद्ध रचनेची सुरुवात 'तेऽन, तोन, शान' इथल्या कोणालाही विचार, कोतोला हात न लावलेला माणूससुद्धा म्हणून दाखवेल. पण तुझ्या र्युतेकीत 'रो' म्हणजे अमुक सूर असं नाही. तिथे अक्षर सुराचं नाव सांगत नाही, चालीचा आकार सांगतं. आता यात सगळंच मनमानी आहे असंही नाही हं, लंडनच्या डेव्हिड ह्यूज यांनी यावर अभ्यास केलाय, त्यांचं म्हणणं असं की अशा तोंडी पाठांमध्ये 'ई'कार साधारण वरच्या सुराला येतो आणि 'ओ' 'ऊ' खालच्या, कारण स्वर उच्चारताना तोंडातच तसा उंच-खाली आवाज घुमतो. करून बघ, कुजबुजत 'ई' म्हण आणि मग 'ऊ' म्हण.

नो नावाच्या जुन्या जपानी नाटकातली बासरी, नोकान, ती ऐकलीयेस का नीट? तिच्यात तोंडाचं भोक आणि पहिलं बोटाचं भोक यांच्या मधे आतून एक बारीक नळी मुद्दाम बसवलेली असते. त्यामुळे वरचं सप्तक नीट लागतच नाही, आणि दोन नोकान एकमेकींशी जुळत नाहीत. तुझ्या ट्यूनरला वेड लागेल. मग पिढ्यानपिढ्या एकच चाल शिकवतात कशी, जर प्रत्येक बासरीत सूर वेगळा? 'ओ ह्या रा इ, हो उ हो उ ही', अशी. तोंडाने. सूर बासरीगणिक वेगळा लागला तरी चाल तीच.

बरं, तुला वाटत असेल की ही बिचारी जुनी माणसं, त्यांना नोटेशन येत नाही म्हणून असं शिकवतात. इथे मात्र मला राग येतो. मेजी काळातल्या जपानी सरकारने 1870 मध्ये गागाकूचं खातं काढलं, क्योतो, नारा आणि ओसाकाच्या तेन्नोजीची वादक घराणी तोक्योत आणली, प्रत्येकाची वळणं वेगळी, भांडणं झाली असणारच, मग 1876 आणि 1888 मध्ये सगळ्यांसाठी एक ठरलेली पोथी झाली. आणि याच दरबारी वादकांनी 1874 पासून पाश्चात्त्य संगीत शिकायला घेतलं. किमिगायोची, जपानच्या राष्ट्रगीताची, चाल त्यांच्याच खात्यातून निघाली, 1880 मध्ये. म्हणजे हे लोक दीडशे वर्षं स्टाफ नोटेशन वाचतात, आजही तेच वादक गागाकू वाजवतात आणि व्हायोलिन, चेलोही वाजवतात. तरी नवीन पोराला गागाकू शिकवताना आधी बसवतात आणि मांडीवर हात मारत म्हणायला लावतात. दोन्ही पद्धती येणाऱ्यांनी ही निवडलीय. तू एकच येत असताना दुसरी टाकायला निघालास.

हेइकेचं सांगते. बिवा हे तंतुवाद्य घेऊन हेइके घराण्याची युद्धकथा गाणारे अंध वादक, त्यांचा तोदो नावाचा संघ होता, सरकारने तो 1871 मध्ये मोडला. (त्याच वर्षी शाकुहाची ही उभी बासरी वाजवत फिरणाऱ्या कोमुसो भिक्षूंचा पंथही मोडला, ते वर्षच वाईट.) आता या हेइकेचं जवळपास सगळं, दोनशेच्या आसपास भाग, नागोयात ओगिनो केन्ग्यो यांनी 1776 मध्ये पोथीत बांधून घेतलं होतं. खुणांसकट. आणि त्याच नागोयातल्या अंध वादकांच्या परंपरेत गळ्यातून गळ्यात आलेले भाग शेवटी किती उरले? आठ. पोथी शाबूत, गळे संपले. आता तू म्हणशील, पोथी होती म्हणून डोळस गायकांना बाकीचे भाग गाता आले. खरं आहे, मी नाकारत नाही. पण ते आठ ऐक आणि मग बोलू.

तुझ्यासारखाच एक हुशार मुलगा मागे मला म्हणाला होता की तोंडी परंपरेनेच तर चाल बिघडली! त्याने केंब्रिजचे संशोधक लॉरेन्स पिकन यांचं वाचलं होतं. पिकन यांचं म्हणणं, चीनच्या तांग दरबारातून आलेल्या चाली मुळात कितीतरी जलद होत्या, जपानमध्ये त्या शतकानुशतकं संथ होत गेल्या, इतक्या की मूळ चाल आता शो आणि बिवाच्या भागात लपलीये आणि बासरी-हिचिरिकी जे वाजवतात ते वर चढलेले थर आहेत. मला हे पटतं, बरंच पटतं. मग? तू आठव्या शतकातल्या चांगआनमध्ये, त्या तांग राजधानीत, वाजवायला आलायस का? ते थर म्हणजेच गागाकू. आणि थर तोंडानेच चढलेत, त्यामुळे ते उलगडायलाही तोंडच लागतं. यावर त्या मुलाकडे उत्तर होतं, चांगलं होतं, पण मी ऐकून घेतलं नाही.

हट्टी आहे मी, माहितीये. इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात कीबोर्ड आणि ढोलकीबरोबर एतेनराकू वाजवा म्हणून आग्रह झाला होता, मी नाही म्हटलं, तर ताई फार भाव खातात असं झालं. भाव नाही खाल्ला रे. ढोलकी चालत राहते, तिला थांबणं माहीत नाही, आणि एतेनराकूमध्ये मोठ्या ताइकोच्या आधी सगळे जण जे किंचित रेंगाळतात ते ढोलकीवर कसं रेंगाळणार? त्यात ढोलकीचा अपमान आणि एतेनराकूचाही. पण हे स्टेजमागे, मोदकांचं ताट हातात धरून, कोणाला समजावणार. अजूनही दर वर्षी कोणीतरी विषय काढतंच.

माझे सेन्सेई म्हातारपणी दात गेल्यावर र्युतेकी वाजवू शकत नव्हते. फुंक सुटायची, नुसती हवा. वर्ग बंद नाही झाला. ते बसायचे, मांडीवर पंखा आपटायचे आणि म्हणायचे, कापऱ्या आवाजात, आणि आम्ही त्यावरून वाजवायचो. चुकलो तर तोंडाने म्हणूनच दुरुस्त करायचे, 'हा रो असा नाही, हा रो असा', आणि दोन्ही रो मला तेव्हा सारखेच ऐकू यायचे. फरक कळायला फार दिवस गेले. त्यांच्याकडून कोमागाकूचं, म्हणजे गागाकूच्या कोरियाकडून आलेल्या शाखेचं, ती सहा भोकांची बारीक कोमाबुए असते ना, तिचं बरंच घ्यायचं होतं. राहिलं. ते गेले. त्या सगळ्याच्या सीडी माझ्या कपाटात आहेत, पोथी आहे, कोमाबुएही आहे, वाजवता येईल असं सगळे म्हणतात. मी वाजवत नाही. घरचे म्हणतात हा शुद्ध वेडेपणा आहे, ऐकून वाजवायला काय जातं. ज्याचा शोगा मला कोणी समोर बसून दिला नाही ते मी वाजवणार नाही, यात काय वेडेपणा आहे ते मला अजून कळलेलं नाही. असो. हे तुझ्यासाठी नाही, तुझे सेन्सेई समोर आहेत.

मधेच एक, तो फॉरवर्ड मला पाठवू नकोस, 'सगळं जपानी संगीत भारतातून आलं' वाला. भारतीय भिक्षू बोधिसेन 736 मध्ये जपानात आला, 752 मध्ये नारातल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे त्याच्या हातून उघडले गेले, त्याच्याबरोबर चंपाचा (आजच्या व्हिएतनामकडचा) भिक्षू होता आणि रिन्युगाकू नावाची नृत्यं त्यांच्याकडून आली असं परंपरा सांगते, त्यातलं कार्योबिन म्हणजे आपला कलविंक पक्षी, शोसोइन या जुन्या खजिन्यातली पाच तारांची बिवा, सगळं मान्य. अभिमान वाटतो मलाही. पण त्यानंतरची साडेबाराशे वर्षं कोण मांडी ठोकत बसलं होतं? तू आणि मी नाही.

तर आता काय करायचं ते सांगते. ह्योजोचं एतेनराकू, पहिली ओळ, फक्त पहिली. र्युतेकी कपाटात. चार-चार ठोक्यांचं एक घर, दर चार घरांत एकदा मोठा ताइको, तो कुठे पडतो ते उजवीकडचे ठिपके बघून मांडीवर मार. स्टेशनवरून घरी चालत येताना म्हण, ट्रेनमध्ये मनात म्हण (मोठ्याने नको, जपान आहे). बासरीवाल्याची खोड म्हणून तुझी बोटं हवेत हलायला लागतील, ती खिशात घाल. म्हणताना स्वर ताणला जातो आणि मधेच परत उघडतो, 'ता आ', ती जागा सपाट करू नकोस, तुझी मींड तिथे आपोआप शिरेल, तीही नको. सेन्सेईंचं म्हणणं रेकॉर्ड करायची परवानगी विचार, नीट वाकून विचार, बहुतेक देतील. त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करू नकोस, म्हणणं कर.

22 एप्रिलला ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिरात गागाकूची नृत्यं बघायला ये. कासवांच्या तळ्यावर दगडी स्टेज असतं, चारी कोपऱ्यांना उंच खांबांवर कागदाची ही मोठी लाल फुलं, डावीकडचे नर्तक लाल कपड्यात, उजवीकडचे, म्हणजे कोमागाकूचे, हिरव्या. दुपारपासून चालतं ते थेट संध्याकाळपर्यंत, डबा आण, टोपी आण, ऊन असतं. वादक बसतात त्या बाजूला उभे राहू, शोवाले दोन तुकड्यांच्या मधे वाद्य छोट्या शेगडीवर धरून गोल गोल फिरवतात, आत वाफ साचू नये म्हणून, ते तुला दाखवते. आणि म्हाताऱ्या वादकांचे ओठ बघ, वाद्य मांडीवर असतानाही हलत असतात.

रविवारपर्यंत मला पहिल्या ओळीचं रेकॉर्डिंग पाठव. तोंडाचं. र्युतेकीचं पाठवलंस तर उघडणारसुद्धा नाही.

ताई