फिक्स म्हणजे दुरुस्त नव्हे

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी 'फिक्स'ला मराठीत नेमका शब्द कोणता? 'दुरुस्त करणे' म्हटलं तर 'तारीख फिक्स झाली' अडतं, आणि 'ठरवणे' म्हटलं तर गळका नळ ठरवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. वेंगुर्ल्याला आमच्या घरी अमेरिकेत वाढलेला भाचा आला होता. माजघरातल्या खिडकीचं लाकूड फुगून झडप अडकत होती. त्याने सुतारमेस्त्रींना आपल्या मराठीत सांगितलं, "ही खिडकी फिक्स करून द्या." संध्याकाळी बघतो तर झडप चार स्क्रूंनी चौकटीला पक्की ठोकलेली. आता ती अडकायचा प्रश्नच नव्हता, कारण ती उघडतच नव्हती. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "तूच सांगलंस मां, फिक्स कर म्हणान!"

माझ्या मते मेस्त्रींचं काही चुकलं नाही. मूळ लॅटिन क्रियापद 'फिगेरे', त्याचा अर्थ रोवणे, ठोकून बसवणे. संगीन बंदुकीला चढवतात तो 'फिक्स' हाच, आणि फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत चित्र पक्कं करणारं 'फिक्सर' हे द्रावणही त्याच घरचं. मोडलेलं नीट करणे हा अर्थ बराच नंतरचा, १८व्या शतकापासून अमेरिकेत फोफावलेला. जागच्या जागी बसवणे, मग नीटनेटकं मांडणे, मग बिघडलेलं जागेवर आणणे, असा तो सरकत गेला. १८४२ साली चार्ल्स डिकन्स अमेरिकेत हिंडला तेव्हा या एका शब्दावर किती कामं लादलीत याची त्याला मोठी मौज वाटली. माणूस कपडे करत असला तरी तो स्वतःला 'फिक्स' करतोय, बोटीवर जेवणाची टेबलं मांडतायत तीही 'फिक्स', आणि डॉक्टर आजाऱ्याला करतो तेही 'फिक्स'च.

मराठीने मात्र शब्द घेतला तो जुन्या, ठोकून बसवलेल्या अर्थानेच. फिक्स डिपॉझिट, फिक्स रेट, 'उद्या येतोस ना? फिक्स!' मॅच फिक्सिंगही त्यातलंच, निकाल आधीच ठोकून ठेवलेला. (त्यालाही आपण 'सेटिंग' म्हणतो आणि तो शब्द मला जास्त नेमका वाटतो.) 'पंखा फिक्स केला' म्हटलं की मराठी कानाला पंखा छताला टांगलेलाच दिसतो.

इतकी ओझी वाहणारा आपला शब्द शोधायचा तर मी 'लावणे'कडे बोट दाखवीन. 'लागणे' म्हणजे चिकटणे, भिडणे. 'लावणे' म्हणजे ते घडवून आणणे. म्हणजे सुरुवात दोघांचीही जोडण्यापासूनच. मग बघा: कुकर लावतात, दार लावतात, लग्न लावतात, भात लावतात, मुलांना वळण लावतात. डिकन्सची ती टेबलं आमच्याकडे असती तर 'पानं लावतायत' झालं असतं. आणि एखाद्याची 'वाट लावतात', तेही इंग्रजीत 'फिक्स'च्या खात्यात जातं. फक्त तुमचा नळ नुसत्या 'लावणे'ने सुधारत नाही. दुरुस्तीला काय लावलं ते सांगावं लागतं: फाटक्याला ठिगळ, विळीला धार, गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी.

खरं तर आपल्याकडे दुरुस्ती वस्तू बघून बोलते. पावसाआधी कौलं परततात, घर शाकारतात. गडगा कोसळला की पुन्हा रचतात. मासेमारी बंद असते त्या दिवसांत बंदरावर जाळी शिवत बसलेले दिसतात. पितळी भांड्यांना कल्हई करतात, निखळलेलं हाड बसवतात. माझी आजी लुगडं मधोमध विरलं की तेवढाच भाग कापून, उरलेले दोन्ही तुकडे जोडून त्याला 'दंड घालायची'. हा दंड कुठल्याही 'रिपेअर'मध्ये मावत नाही. 'दुरुस्त' हा फारसीतून आलेला शब्द त्यामानाने कचेरीतला. तो रस्त्याला, घड्याळाला आणि यादीतल्या चुकलेल्या नावाला सारखाच चालतो. तुमच्या नळालाही खुशाल वापरा.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री परत आले. भाच्याला मी वाक्य पढवून ठेवलं होतं: "मेस्त्री, झडप अडकते, कडेला जरा रंधा मारून द्या." दहा मिनिटांत खिडकी उघडली.