प्रोखोरोव्का, सोव्हिएत बाजूने: सुरुवातीला एवढंच सांभाळा

स्टील पँथर्स या संगणकावरच्या युद्धखेळात नवख्याने प्रोखोरोव्का (12 जुलै 1943 ची सोव्हिएत-जर्मन रणगाड्यांची लढाई) निवडणं म्हणजे धाडसच, पण जमेल.

टायगर या जर्मनांच्या जड रणगाड्याशी समोरून भिडू नका. त्याचं पुढचं चिलखत 100 मिमी, बाजूचं 80. तुमच्या टी-34 रणगाड्याच्या 76 मिमी तोफेला समोरून काही साधत नाही. बाजूने मारा, तेही अगदी जवळून. तसे त्या दिवशी टायगर मोजकेच होते. पँझर 4 आणि 3 हे जर्मनांचे बाकीचे रणगाडे आधी टिपा.

नेहमीची चूक म्हणजे सगळी तुकडी उघड्या माळावर एकदम पळवणं. तुमच्या खेळीतही शत्रू उलट मारा करतो, आणि लांबच्या अंतरावर त्याचीच तोफ सरस. म्हणून हा क्रम ठेवा:

- पायदळ पुढे धाडून शत्रू हुडका.
- त्याच्यासमोर धूर सोडा.
- टेकाडाआडून किंवा ओघळीतून दोन बाजूंनी जवळ जा.
- एकाच लक्ष्यावर तिघा-चौघांनी मारा.

हललेल्या रणगाड्याला त्या खेळीत तोफ डागण्याच्या संधी कमी मिळतात, नेमही बिघडतो. शक्यतो एका खेळीत जागा घ्या, पुढच्या खेळीत मारा. तोफखान्याची गणितं सध्या राहू द्या.