वाचकांचे प्रश्न : टॅग लावला, तरी माल का दिसत नाही?

या वेळचे सगळे प्रश्न बॅटरी नसलेल्या, रेडिओलहरींवर वाचल्या जाणाऱ्या यूएचएफ आरएफआयडी टॅगचे आहेत. हा टॅग स्वतःहून काही पाठवत नाही. रीडरच्या (टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या) लहरीतून मिळालेल्या शक्तीवर त्याची चिप जागी होते आणि आपला नंबर परत कळवते. शक्ती पोचली नाही तर उत्तर येत नाही. खालच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

प्रश्न (भिवंडी) : आमच्या गोदामात चार डॉक (ट्रक लावायची दारे) आहेत. त्यांपैकी दोन दारांवर रीडर आणि प्रत्येकी चार अँटेना बसवल्या. ऑफिसात टॅग आठ मीटरवरून वाचला जायचा. दारातून साठ खोक्यांचे पॅलेट (माल रचायचा पाट) नेले की दर वेळी दहा-पंधरा खोकी सुटतात. शेजारच्या दाराजवळचा माल आमच्या चलनात येतो आणि आम्ही कधीच न छापलेले नंबरही दिसतात. पुरवठादार म्हणतो, महागडे टॅग घ्या. माल मिश्र आहे : कपडे, स्टीलची भांडी, शाम्पू.

उत्तर : टॅगवर खर्च करण्याआधी एक चाचणी करा. एकच पॅलेट, तीच साठ खोकी, रचना न बदलता दहा वेळा दारातून न्या आणि दर फेरीत न वाचलेल्या नंबरांची यादी ठेवा. मग आतली खोकी बाहेर आणि बाहेरची आत अशी रचना करून आणखी दहा फेऱ्या करा.

दोन्ही रचनांत तीच खोकी सुटत असतील, तर दोष त्या टॅगमध्ये किंवा तो चिकटवलेल्या जागेत आहे. सुटणारी खोकी बदलली, पण पॅलेटवरची जागा तीच राहिली, उदाहरणार्थ मधला खालचा थर, तर तिथवर शक्ती पोचत नाही. आणि दर फेरीत वेगळीच खोकी सुटत असतील, तर रीडरची मांडणी तपासा.

तुमच्या मालात पहिले कारण नक्की असणार. स्टीलच्या भांड्यांना टेकलेल्या पुठ्ठ्यावर साधे लेबल लावले की धातूमुळे टॅगच्या अँटेनाचा सूर बिघडतो. शाम्पूतले पाणी लहर शोषून घेते. कपड्यांना हा त्रास जवळजवळ नाही. म्हणून भांड्यांच्या खोक्यावर लेबल अशा बाजूला लावा, जिथे आत निदान दीड-दोन सेंटिमीटर थर्माकोल किंवा पोकळी आहे. शाम्पूच्या खोक्यावर बाटल्यांच्या मानेच्या उंचीवर लावा, कारण तिथे बाटल्यांमध्ये हवा असते. दोन खोक्यांची लेबले एकमेकांसमोर चिकटून येऊ देऊ नका. तशी आली तर दोन्ही टॅग कमजोर होतात.

मग केबल पाहा. भारतात या टॅगच्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात ट्रान्समीटरची शक्ती कमाल १ वॉट ठेवता येते. रीडर आणि अँटेना यांच्यामध्ये एलएमआर-१९५ ही बारीक केबल १० मीटर असेल, तर सुमारे ३.६ डीबी (डेसिबल, शक्ती किती घटली ते सांगणारे माप) वाया जातात, म्हणजे अँटेनापर्यंत जेमतेम ०.४४ वॉट पोचतो. तीच लांबी एलएमआर-४०० या जाड केबलची असेल तर तोटा १.३ डीबी, आणि पोचतो ०.७४ वॉट. ऑफिसातल्या चाचणीत केबल बहुधा एक-दोन मीटरचीच असते. तिथला आठ मीटरचा आकडा दारावर का टिकत नाही, याचा मोठा भाग इथेच आहे. रीडर दाराच्या वरच बसवला तर केबल निम्म्याने कमी होते. सैल कनेक्टर हाताने हलवून तपासा. डॉकवर ट्रक टेकताना बसणाऱ्या धक्क्यांनी ते ढिले होतात.

अँटेना दाराच्या प्रत्येक बाजूला दोन हव्यात : एक जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर, दुसरी १६० सेंटिमीटरवर. चारही अँटेनांचे तोंड थोडे गोदामाच्या आत वळवा. बाहेर तोंड असेल तर त्या ट्रकच्या आवाराकडे पाहतात, आणि तुम्हाला दिसणारे अनोळखी नंबर बहुधा तिथूनच येतात. ट्रकच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा टॅग आहे, त्यामुळे तुमचा रीडर तोही इमानाने वाचतो. सोळाच्या पायात (हेक्साडेसिमल) फास्टॅगचा नंबर ३४ ने सुरू होतो. जीएस१ या जागतिक नंबर-संस्थेच्या पद्धतीने छापलेले तुमच्या वस्तूंचे नंबर ३० ने आणि पॅलेटचे ३१ ने सुरू होतील. रीडरमध्ये तसा गाळण नियम घाला, म्हणजे बाकीचे नंबर सॉफ्टवेअरपर्यंत येणारच नाहीत. तुमचे नंबर कसेही मनाने छापलेले असतील तर हा सोपा उपाय हातात राहत नाही. त्यामुळे नंबराची शिस्त आधीच लावा.

शेजारच्या दारासाठी शक्ती कमी करण्यापूर्वी मधे जाळी लावा. या लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर आहे. दोन-अडीच सेंटिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी, जमिनीपासून दोन-सव्वादोन मीटर उंच, दोन दारांमध्ये उभी केली की आडवे वाचन खूप कमी होते. दाराच्या आत आणि बाहेर एकेक प्रकाश-सेन्सर बसवा. पॅलेटने आतल्या सेन्सरची प्रकाशरेषा आधी तोडली तर माल बाहेर चालला आहे, उलट क्रमाने तोडली तर आत येतो आहे. प्रकाशरेषा तुटल्यावरच चार-पाच सेकंद रीडर चालू राहू द्या. दिवसभर चालू ठेवलेला रीडर दाराशी पडून असलेला मालही मोजत बसतो.

मांडणीतली एक चूक फार ठिकाणी आढळते. चार अँटेना आळीपाळीने चालतात. काही रीडरमध्ये प्रत्येक अँटेनाची पाळी मुळातच दोन सेकंदांपर्यंत ठेवलेली असते. हँड पॅलेटवरचा माल अडीच-तीन सेकंदांत दार ओलांडतो, म्हणजे चारपैकी दोन अँटेनांची पाळी येतच नाही. ती वेळ २०० मिलिसेकंदांच्या आसपास आणा. रीडर सेकंदाला शेकडो टॅग वाचू शकतो, त्यामुळे साठ खोक्यांसाठी वेग कमी पडत नाही. दुसरे असे की, जवळचे टॅग पुनःपुन्हा उत्तर देत राहिले तर लांबच्यांना संधी मिळत नाही. त्यासाठी रीडरच्या सेटिंगमध्ये सेशन (टॅगने किती वेळ गप्प राहायचे ते ठरवणारा पर्याय) २ किंवा ३ निवडा. त्यात एकदा उत्तर दिलेला टॅग गप्प बसतो. मात्र दोन्ही दारांना एकच सेशन देऊ नका. शेजारच्या रीडरने गप्प केलेला टॅग काही सेकंद तुमच्या रीडरलाही उत्तर देणार नाही. एका दाराला २, दुसऱ्याला ३ द्या.

एवढे झाल्यावरही एखादे खोके सुटेल. त्यासाठी वाचलेल्या यादीची चलनाशी तिथल्या तिथे तुलना करा, फरक आला तर दारावर लाल दिवा लावा आणि ट्रकचे दार बंद होण्याआधी हातातल्या रीडरने ते खोके शोधा. संध्याकाळच्या अहवालात फरक दिसून उपयोग नाही, तोवर ट्रक लांब गेलेला असतो.

प्रश्न (चाकण) : आम्ही गाड्यांचे सुटे भाग पुरवतो. परत येणारे प्लास्टिक क्रेट आणि लोखंडी ट्रॉल्या ग्राहकाकडे अडकतात, किती कुठे आहेत कळत नाही. त्यांना टॅग लावायचे आहेत. एकच टॅग दोन्हींना चालेल का?

उत्तर : नाही. धातूवर लावायचा टॅग धातूची पाठ गृहीत धरून बनवलेला असतो. असे बरेच टॅग प्लास्टिकवर लावले की त्यांचा पल्ला घटतो. साधे लेबल लोखंडावर चिकटवले तर ते वाचलेच जात नाही.

ट्रॉलीसाठी कडक कवचाचा, धातूवर चालणारा टॅग घ्या आणि तो दोन रिव्हेटनी बसवा. नुसत्या गोंदावर विसंबू नका. तेल आणि कूलंट त्याची पकड सोडवतात. फोर्कलिफ्टचे काटे ज्या बाजूने शिरतात ती बाजू टाळा. आडव्या पट्टीच्या आतल्या खाचेत टॅग सुरक्षित राहतो, पण त्याचे तोंड रीडरच्या दिशेला उघडे हवे.

क्रेटची अडचण वेगळी आहे. क्रेट बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्याला साधा गोंद नीट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, कोरडी होऊ द्या आणि अशा प्लास्टिकसाठीच बनवलेल्या गोंदाचे लेबल लावा. नवे क्रेट मागवणार असाल तर साच्यातच टॅग बसवून घ्या, त्याने धुलाईचा प्रश्न कायमचा मिटतो. क्रेटमध्ये फोर्जिंग किंवा ब्रेक डिस्क असतील तर भिंतीच्या मध्यावर टॅग नको. आतला धातू तिथून एखाद्या सेंटिमीटरवर येतो. वरच्या कडेची पट्टी किंवा हँडलजवळची जागा बरी. समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन टॅग लावून दोन्हींत एकच नंबर लिहिला, तर क्रेट कसाही फिरला तरी एक बाजू रीडरकडे राहते. रिकामे क्रेट एकात एक बसत असतील तर सगळे टॅग एका रांगेत येतात. ते टाळायला निम्म्या क्रेटना डावीकडे आणि निम्म्यांना उजवीकडे टॅग लावा.

नंबरासाठी जीएस१ ची जीआरएआय पद्धत परत येणाऱ्या साधनांसाठीच आहे. ९६ बिटांत कंपनीचा क्रमांक, क्रेटचा प्रकार आणि प्रत्येक नगाचा ३८ बिटांचा अनुक्रमांक बसतो. त्यामुळे ग्राहकाच्या रीडरलाही तो नंबर कोणाचा आणि कशाचा ते ओळखता येते. नंबर लिहिल्यावर चिपला कुलूप लावायला विसरू नका. किल पासवर्ड (चिप कायमची बंद करायचा पासवर्ड) शून्य असताना चिप मारता येत नाही, पण ती जागा उघडी असेल तर कोणीही नवा पासवर्ड लिहून चिप कायमची बंद करू शकतो.

वाचन कुठे करायचे हे ग्राहकाशी आधी ठरवा. फक्त तुमच्या गेटवर रीडर असेल तर तुम्हाला एवढेच कळेल की क्रेट गेला आणि आला नाही. अडकलेला क्रेट ग्राहकाच्या आवारात आहे की वाटेतल्या गोदामात, हे त्याच्या गेटवरच्या वाचनाशिवाय समजणार नाही.

प्रश्न (नाशिक) : निर्यातीच्या द्राक्षांच्या प्रत्येक पेटीला टॅग लावावा का? वाटेतले तापमानही कळेल, असे एका विक्रेत्याने सांगितले.

उत्तर : साध्या टॅगने वाटेतले तापमान कळत नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लॉगर, म्हणजे तापमान नोंदत राहणारे यंत्र, लागतो. तो मालात ठेवावा लागतो आणि रीफरचे, म्हणजे शीत कंटेनरचे, दार बंद असताना धातूच्या भिंतींमुळे आतला टॅग बाहेरून वाचताही येत नाही.

द्राक्षात जवळजवळ ८० टक्के पाणी असते, त्यामुळे पॅलेटच्या आत तोंड करून ठेवलेले लेबल वाचले जाईल अशी आशा धरू नका. पेटी ६० × ४० सेंटिमीटरची आणि पॅलेट १२० × १०० ची असेल तर एका थरात पाच पेट्या बसतात : एका रांगेत तीन, दुसऱ्या रांगेत आडव्या दोन. या रचनेत पाचही पेट्यांची ४० सेंटिमीटरची एक बाजू बाहेर येते. लेबल नेहमी त्याच बाजूला लावा आणि थर रचणाऱ्यांना लेबल बाहेर ठेवायला सांगा. तरच पेटीवार टॅगचा खर्च वसूल होण्याची शक्यता आहे. लेबल प्रीकूलिंगच्या (माल थंड करण्याच्या) आधी, पेटी कोरडी असताना चिकटवा. थंड आणि ओलसर पुठ्ठ्यावर गोंद धरत नाही. कागदाऐवजी प्लास्टिकच्या पृष्ठाचे लेबल घ्या.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. पेटीवर बारकोड आणि पॅलेटवर एक टॅग एवढे पुरते. अपेडाच्या (सरकारी कृषी-निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या नोंद-व्यवस्थेत बागेपासून खेपेपर्यंत माग ठेवला जातोच. कोणत्या पेट्या कोणत्या पॅलेटवर गेल्या, ही जोडणी पॅकहाउसमध्येच पक्की करा. उरलेल्या पैशांत प्रत्येक कंटेनरला दोन लॉगर घ्या, एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये, एक मधे.

प्रश्न (इचलकरंजी) : न्हावा शेव्याला पाठवलेला आमचा कंटेनर लॉजिस्टिक्स डेटा बँक या कंटेनरचा माग दाखवणाऱ्या व्यवस्थेवर कधी दिसतो, कधी तासन्‌तास दिसत नाही. ई-सील (टॅग असलेली मोहोर) असूनही असे का?

उत्तर : या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. लॉजिस्टिक्स डेटा बँक जुलै २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरात (न्हावा शेवा) सुरू झाली. तिच्यात कंटेनरला लावलेला टॅग कंटेनर नंबराशी जोडतात, आणि बंदराचे गेट, कंटेनर फ्रेट स्टेशन, टोल नाका अशा ठिकाणी तो वाचला जातो. दोन रीडरच्या मधल्या वाटेत काहीच नोंद होत नाही, कारण हा जीपीएस नाही. ट्रेलर ढाब्यावर उभा असेल तर पडद्यावर शेवटचा ओलांडलेला नाकाच दिसत राहील.

कंटेनर मुळीच दिसत नसेल तर आधी नंबर तपासा. त्यात चार अक्षरे आणि सात अंक असतात. शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. सीएसक्यूयू ३०५४३८ या नंबराला तो ३ येतो. मधला एखादा अंक चुकला की शेवटचा अंक सहसा जुळत नाही, म्हणून चलनावर आणि मेसेजमध्ये अकराही चिन्हे लिहा.

ई-सील कारखान्यात स्वतः मोहोर लावणाऱ्या निर्यातदारांसाठी आहे. सीमाशुल्क खात्याने ती २०१७ मध्ये आणली. ती आयएसओ १७७१२ दर्जाची बोल्ट मोहोर असून तिच्यात टॅग असतो. बोल्ट कापला की टॅगचे मंडल तुटते आणि तो वाचला जात नाही. ती वाटेत तुमचा कंटेनर दाखवत नाही. शिपिंग बिलाचा क्रमांक व तारीख, सीलचा क्रमांक, मोहोर लावल्याची तारीख व वेळ, कंटेनर आणि ट्रेलरचा क्रमांक ही माहिती तुम्ही भरलेली असते. वाटेत ट्रेलर बदलला तर सील पुरवणाऱ्याकडून ती नोंद लगेच सुधारून घ्या, नाहीतर बंदरावर कागद आणि गाडी जुळणार नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर) : परदेशातून स्वस्तात रीडर मागवता येईल का?

उत्तर : तो अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ पट्ट्याचा असेल तर घेऊ नका. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, आणि ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. रीडरचा पट्टा अनेकदा कारखान्यातच पक्का केलेला असतो, नंतर बदलता येत नाही. टॅगचे तसे नाही. बहुतेक लेबले ८६० ते ९६० साठी बनतात, तरी काही अमेरिकन पट्ट्यात जास्त चांगली चालतात, म्हणून हजार नग घेण्याआधी पन्नास मागवून आपल्या मालावर लावून पाहा. रीडरच्या विक्रेत्याकडे त्या मॉडेलचे डब्ल्यूपीसीचे (रेडिओ उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी विभागाचे) उपकरण मंजुरीपत्र मागा. मॉडेल क्रमांक पेटीवरच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे.