हातात स्मार्टफोन, तरी व्यवहार रोखीने का?

प्रश्न : पंचवटीत आमचे किराणा दुकान आहे. तरुण गिऱ्हाईक बिस्किटाच्या पुड्याचे दहा रुपयेही मोबाइलवरून देते. मात्र स्मार्टफोन वापरणारी बरीच वयस्क मंडळी अजूनही नोटाच काढतात. असे का होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नवे तंत्र उपयोगाचे वाटते का आणि वापरायला सोपे वाटते का, यांवर त्याचा स्वीकार ठरतो, अशी मांडणी अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये केली. यूपीआय या दोन्ही कसोट्यांना उतरले. २०१६ च्या नोटाबंदीने लोकांना तिकडे ढकलले हे खरे. पण जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क उरले नाही, म्हणून भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड आला आणि ग्राहकाची सवय पक्की झाली.

पैशाच्या बाबतीत मात्र तिसरी गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे भरवसा. खात्यातून ३४० रुपये वजा झाल्याचा संदेश आला, तुमचा साउंडबॉक्स गप्प आहे आणि मागे रांग खोळंबली आहे, अशा वेळी वयस्क ग्राहकाला पैसे बुडण्याच्या भीतीइतकीच चारचौघांत खोटे ठरण्याची धास्ती वाटते. रोख रक्कम हातात ठेवली की व्यवहार तिथेच मिटतो. शिवाय पाकिटातल्या नोटा कमी होताना दिसल्या की खर्चाला आपोआप लगाम बसतो. पेन्शनीत महिना काढणाऱ्याचा हा हिशेब मला रास्त वाटतो.

त्यामुळे आग्रह करू नका, आधार द्या. दुकानदाराला पैसे पोहोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यावी आणि त्यापुढील विलंबासाठी बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तो त्यांना समजावून सांगा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही आवर्जून सांगा, कारण अनेकांची फसवणूक नेमकी तिथेच होते. पहिला व्यवहार वीस-तीस रुपयांचा, गर्दी नसताना, त्यांच्याच हातून होऊ द्या; पिन टाकताना तुम्ही नजर बाजूला घ्या. आणि पैसे अडकलेच, तर ओळखीच्या ग्राहकाला सामान देऊन रक्कम वहीत मांडून ठेवा.