रिकामा वेळ आणि मेहुण्यांचा प्रस्ताव

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी ३१ मे रोजी मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका असून तिची चार वर्षांची नोकरी अजून बाकी आहे. मुलीचे लग्न झाले आहे, घराचे कर्ज फिटले आहे. सकाळी पत्नीचा डबा मी करतो, नंतर मंडईत जातो, तेथून सायकलवर हरिपूरला जाऊन संगमावर थोडा वेळ बसतो. दुपारी वाचन आणि सांगली आकाशवाणी. आठवड्यातून एकदा मिरजेला जाऊन तंतुवाद्ये बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराच्या दुकानात त्यांचे काम पाहत बसतो. पावसाळ्यात आयर्विन पुलावरून कृष्णेचे पाणी किती चढले ते पाहून येतो. संध्याकाळी पत्नी घरी आली की दिवसभराचे सगळे तिला सांगतो.

मी सुखी आहे आणि याचेच मला ओझे वाटते. मेहुणे एका पतसंस्थेचे संचालक आहेत. सकाळी दहा ते दोन या वेळेत व्यवस्थापक म्हणून यावे, असा त्यांचा आग्रह आहे. 'हातपाय धड असताना घरी बसणे बरे नव्हे,' असे ते चारचौघांत म्हणतात. 'बायको नोकरीला आणि हे पिशवी घेऊन मंडईत,' हे शेजारच्यांचे बोलणेही कानावर आले आहे. पत्नीला विचारले, तर ती 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' एवढेच म्हणते. महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. मी काय करावे?

एक निवृत्त वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. मेहुणे, शेजारी आणि पतसंस्था यांच्याविषयी लिहिताना तुमची वाक्ये आखडतात आणि मंडई, हरिपूर, मिरज यांच्याविषयी लिहिताना ती मोकळी होतात. नोकरी धरावी की धरू नये, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ते उच्चारण्याची परवानगी मात्र तुम्ही माझ्याकडे मागत आहात. माझ्या परवानगीला काही किंमत असेल तर ती दिली, असे समजा. तरीही कारणे सांगितल्याशिवाय ती तुमच्या उपयोगाची नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रथम पैशाचा विचार करू, कारण सर्वांत लवकर निकाली निघणारा भाग तोच आहे. कर्ज नाही, मुलगी आपल्या संसारात आहे, तुमचे निवृत्तिवेतन आणि पत्नीचे वेतन घरात येते आहे. पतसंस्थेच्या मानधनावाचून घराचा कोणताही खर्च अडणार आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. एखादा मोठा खर्च तुम्ही लिहायचे टाळले असेल, उदाहरणार्थ आजारपण किंवा भावाला दिलेला शब्द, तर गोष्ट वेगळी होईल. तसे काही नसेल, तर ही नोकरी तुम्ही केवळ लोकांच्या बोलण्यावर उतारा म्हणून धराल, आणि त्यासाठी रोजचे चार तास ही किंमत फार आहे.

आता त्या ओझ्याविषयी. निवृत्तिवेतन घेऊन मंडईत फिरणे म्हणजे फुकटचे खाणे, अशी एक समजूत आपल्याकडे न बोलता वावरत असते, आणि आयुष्यभर हजेरीपटावर सही केलेल्या माणसाच्या मनात ती सहज घर करते. तुम्ही लेखा विभागात होता, त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक नेमकी ठाऊक असेल. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे, असे स्पष्ट केले. देशभरातील पेन्शनरांच्या संघटना तोच दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. तुम्ही आज जे खात आहात, ते तुम्ही कमावून ठेवलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी पूरग्रस्तांच्या छावण्या सांभाळल्या आणि पाणी ओसरल्यावर चिखलात उभे राहून पंचनामे केले. त्या दिवसांत तुम्ही काय करत होता, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण तुमच्या विभागाला तेव्हा सुट्टी नव्हती, हे सांगलीत सर्वांना माहीत आहे. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे ज्याने कामाचा भाग म्हणून धसक्याने ऐकले, त्याने आता छत्री घेऊन पुलावर उभे राहावे आणि तेच पाणी नुसते पाहावे, यात मला तरी काही गैर दिसत नाही.

तुमच्या मंडईविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. भरितासाठी वांगे घेताना ते आकाराच्या मानाने हाताला हलके लागले पाहिजे, म्हणजे आत बिया कमी असतात, ही गोष्ट बहुतेक पुरुषांना आयुष्यभर कळत नाही, कारण ते वांग्याचा केवळ भाव विचारतात. कृष्णाकाठची वांगी थंडीत येऊ लागली की देठाचा हिरवेपणा पाहून ती निवडणे, तासगावची द्राक्षे गोडीला आली की नाही हे घडातल्या अगदी टोकाचा मणी खाऊन ठरवणे, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी हळद बाजारात आली की वर्षाची हळद घेऊन ती दळून आणणे, या सर्वांत ज्ञान आहे, निवड आहे आणि घरातल्या माणसांची काळजीही आहे. हेच काम तुमच्या पत्नीने नोकरी सांभाळून इतकी वर्षे केले, तेव्हा तिला कोणी रिकामटेकडी म्हटले नाही. तुमच्या हाती पिशवी आल्याबरोबर ते रिकामपण कसे झाले, हा प्रश्न शेजाऱ्यांनी स्वतःला विचारायचा आहे. तो त्यांना विचारत बसण्याची गरज तुम्हाला नाही.

हरिपूर आणि मिरज यांबद्दल तुम्ही जेमतेम एकेक ओळ लिहिली, याची मला हळहळ वाटली. हरिपूरला कृष्णा आणि वारणा एकत्र येतात. तेथेच जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची पद्धत होती आणि २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवात उतरून काम केलेली वयस्क माणसे गावात असतील, तर नुसते संगमावर बसून परत येण्याऐवजी कधी त्यांच्याजवळही बसा. पेव कसे खणत, आत उतरण्याआधी काय काळजी घेत, पोती कशी लावत, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखे असेल. ते लिहून काढा असा आग्रह मी धरणार नाही, कारण प्रत्येक आनंदाच्या शेवटी एखादी वही भरली पाहिजे असे नाही. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून नाद मोकळा होईपर्यंत ऐकत राहतो, तेव्हा शेजारी गप्प बसून कान देणारा माणूस त्याला नकोसा वाटत नसावा. तसे असते तर त्याने तुम्हाला दर आठवड्याला बसू दिले नसते.

येथे एका मोहापासून मात्र तुम्हाला सावध करते. अशा वेळी आप्तेष्ट आणि माझ्यासारखे सल्ला देणारेही 'मग काहीतरी समाजकार्य करा' असे सुचवतात. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत ताटकळणाऱ्या पेन्शनरांना मदत करणे हे चांगले काम आहे आणि तुम्हाला ते उत्तम जमेल. मनापासून करावेसे वाटले तर अवश्य करा. पण मंडईतील सुखाचा दंड भरल्यासारखे ते करणार असाल, तर करू नका. दंड म्हणून केलेली सेवा चार महिन्यांत जड होते आणि ज्यांची सेवा करायची, त्यांनाही ते कळते.

पतसंस्थेच्या कामाविषयी तुमच्या मेहुण्यांचा हेतू मी वाईट धरत नाही. विश्वासाचा, हिशेबात पक्का माणूस त्यांना हवा आहे आणि तो घरातच आहे, असे त्यांना वाटले असावे. तरीही व्यवस्थापक हे पद दहा ते दोनचे नसते, हे तुम्ही जाणता. कर्जप्रकरणावर तुमची सही असेल, वसुली थकली की संचालक तुमच्याकडे पाहतील, ठेवीदार दारात आले की त्यांच्यासमोर तुम्ही उभे असाल, आणि लेखापरीक्षणात एखादा शेरा आला की त्याचे उत्तर तुमच्या नावावर मागितले जाईल. त्यात संचालक हे पत्नीचे बंधू, म्हणजे कार्यालयातील मतभेद दिवाळीच्या जेवणापर्यंत पोहोचणार. ठेवी अडकल्याने एकमेकांशी बोलणे सोडलेली घरे आपल्या भागात अनेकांनी पाहिली आहेत. मानधन मोठे असते तरी हा धोका मी तुमच्यासाठी पत्करण्याजोगा मानला नसता.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येते. तुमच्या पत्रात सर्वांची मते आहेत, फक्त पत्नीचे मत नाही. 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' हे मत नव्हे. नवऱ्याला दुखवायचे नाही, खोटेही बोलायचे नाही आणि या क्षणी बोलण्याइतके त्राणही नाही, अशा वेळी आपल्याकडच्या बायका हे वाक्य वापरतात. त्यामागे काय आहे, हे मला येथून कळणार नाही. तिला तुमचे घरी असणे मनापासून आवडत असेल आणि भावाविरुद्ध बोलायला ती कचरत असेल. शाळेच्या शिक्षकखोलीत तिलाही काही ऐकावे लागत असेल. कदाचित सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही आल्यामुळे तिचा डबा तयार होतो, पण मीठ कुठे, तिखट किती, हे चार वेळा विचारले जाते आणि तिचा तेवढाच वेळ जातो. हेही असू शकते की तुम्ही रोज नदीकाठी जाता आणि तिला अजून चार वर्षे वर्गात उभे राहायचे आहे, याचे तिला थोडे वाईट वाटते आणि ते वाईट वाटणे तिला स्वतःलाच शोभेसे वाटत नाही.

'संध्याकाळी पत्नी घरी आली की दिवसभराचे सगळे तिला सांगतो,' असे तुम्ही लिहिले आहे. ती काय सांगते, हे लिहिलेले नाही. दिवसभर पन्नास-साठ मुलांचा आवाज ऐकून आलेल्या बाईला दारातच मंडई, संगम आणि जवारी ऐकावी लागत असेल, तर तिचे मौन मला समजते. आजपासून एवढे करा. ती आली की चहा पुढे ठेवा आणि अर्धा तास काही सांगू नका. त्यानंतर तिचा दिवस कसा गेला, हे विचारा आणि ऐका. तुमची हकिकत जेवताना सांगितली तरी शिळी होणार नाही.

येत्या रविवारी, घरात तिसरे कोणी नसताना, तिच्याशी नीट बोला. 'मी नोकरी करू का?' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर पुन्हा तेच येईल. 'मी नोकरी करायची नाही असे ठरवत आहे, आणि मी घरी असल्याने तुला काय बरे वाटते व कशाचा त्रास होतो, ते मला ऐकायचे आहे,' असे म्हणा. ती जे सांगेल, त्यावर लगेच स्पष्टीकरण देऊ नका. घरातली एखादी जबाबदारी पूर्णपणे तुमच्याकडे देण्याची तिची इच्छा असेल, तर ती घ्या, आणि घेतल्यावर तिला त्याविषयी काही विचारू नका. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिला कृष्णेकाठी फिरायला यायचे आहे की दुपारी गाढ झोपायचे आहे, हेही तिलाच ठरवू द्या. तुमचे आनंद तिच्या रविवारवर लादू नका. सायकल घेऊन तुम्ही एकटे गेलात, तरी तिला ते आवडू शकेल.

एक गोष्ट तब्येतीची. जे दिवस आज सुखाचे आहेत, ते तसे राहावेत म्हणून डोळे, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी वेळच्या वेळी करा, आणि पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर सायकलचा हट्ट धरू नका. पुढे कधी मंडई, रेडिओ, मिरज यांपैकी कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप उडाली आणि हे काही आठवडे टिकले, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

पत्नीशी बोलणे झाल्यावरच मेहुण्यांकडे जा, म्हणजे त्यांना दोघांचे एक उत्तर मिळेल. 'तुम्ही माझी आठवण ठेवली, याचा आनंद झाला. पण नोकरी न करण्याचे आम्ही दोघांनी ठरवले आहे,' एवढेच सांगा. कारणे देऊ नका. तुम्ही मंडईचे कारण दिले, तर ते संध्याकाळची वेळ देऊ करतील. तब्येतीचे दिले, तर ते डॉक्टरचे नाव सुचवतील. महिनाअखेरीची वाट न पाहता हे लवकर कळवा, कारण त्यांनाही त्या जागेसाठी दुसरा माणूस शोधायचा आहे. हे सांगायला त्यांच्या घरी जा, पतसंस्थेत नको, आणि पत्नी सोबत यायला तयार असेल तर तिलाही घेऊन जा.