रनिंग बोर्ड सडलाय, पुट्टी भरून चालेल का?

प्रश्न : माझी जुनी मारुती ८०० आहे, मुक्काम मालवण. डाव्या रनिंग बोर्डवर मागच्या चाकाजवळ रंगाला फुगे आले होते. बोटाने दाबलं तर आरपार भोक पडलं. जाळी लावून वर पुट्टी भरतो, असं गॅरेजवाला म्हणतो. करून घेऊ का?

उत्तर : नको. रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालची लांब पट्टी, ती आतून पोकळ, बंद पेटी असते. चिखल आणि खारं पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडत येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून रंग फुगतो. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतलं बरंच काम झालेलं असतं. शिवाय या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. भार बॉडीच पेलते आणि त्यात रनिंग बोर्डचा वाटा मोठा असतो. पुट्टीला ताकद नसते, वर ती पाणी शोषते. पुढच्या पावसाळ्यात तिथेच पुन्हा फुगा येईल.

आधी सीट आणि मॅटिंग काढून फ्लोअर तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. तिथे टोक टोचून पाहा आणि चांगला पत्रा लागल्यावर आणखी दोन-तीन सेंटिमीटर पुढे कापायला सांगा. कापणीत सगळ्यात जास्त कंजुषी होते. गंजक्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, पत्रा जळून भोक मोठं होत जातं.

पॅचसाठी ०.८ ते १ मिलिमीटरचा सीआर (साधा, जस्त न चढवलेला) पत्रा घ्या. जीआय (जस्त चढवलेला) नको, वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर होतो आणि टाकाही सच्छिद्र येतो. वेल्डिंग सीओटूचंच (कार्बन डायऑक्साइड वायूखाली तारेने होणारं) हवं, तार ०.८ मिलिमीटरची. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. सलग शिवण मारू देऊ नका. अडीच-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि थंड झाल्यावर मधल्या जागा भरायच्या. त्याआधी बॅटरीच्या तारा सोडवा आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते खाली वाकून बघा. शेजारी अग्निशामक हवाच.

पेटी बंद करण्याआधी आतला गंज वायर ब्रशने खरवडून काढा आणि एकावर एक येणाऱ्या कडांना वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर लावा. वेल्डिंगनंतर टाके ग्राइंडरने सपाट करा, थिनरने पुसा आणि इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. सांध्यांवर सीलर, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट. पुट्टीची पाळी आता येते, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या आत. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर लागतो. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला, तर पुढे रंगावर डाग उमटतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार द्या, मग १८०, ३२०. प्रायमरचा आणखी एक हात आणि रंगाआधी ६०० ते ८००चा वॉटर पेपर. हे काम ऐन पावसात काढू नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण सुकल्यावर, पेटीच्या भोकांतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात गंज रोखणारं मेण) फवारून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग आणि प्रायमर जळतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. वॅक्स टाळलं, तर नवा पॅचही आतून सडेल. ते फवारताना पाणी निघून जायची भोकं मात्र बुजवू नका.

प्रश्न : गंजावर लावायचं कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं द्रावण) पुरेसं नाही का?

उत्तर : घट्ट चिकटलेल्या पातळ गंजापुरतं ठीक. पापुद्रे सुटत असतील तर ते वरवरच काम करतं, खाली गंज चालूच राहतो. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये फॉस्फरिक आम्ल असतं. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुऊन पूर्ण कोरडं करा, नाहीतर वरचा इपॉक्सी नीट धरत नाही.

प्रश्न : गाडीच्या खालून जुनं इंजिन ऑइल मारावं की डांबरी कोटिंग?

उत्तर : जुनं ऑइल नकोच. सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगून खराब होतात आणि ब्रेकवर उडालं तर धोका. डांबरी कोटिंग फक्त स्वच्छ, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा झाकल्या झाकल्या सडतो. किनाऱ्यावर गाडी फिरवलीत तर त्याच दिवशी चाकांच्या कमानी आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. दारांच्या तळाची भोकं पावसाळ्याआधी प्लॅस्टिकच्या केबल टायने मोकळी करा. तार वापरू नका, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो.