7 वर्षांच्या मुलीला बॅडमिंटन शिकवायचंय. रॅकेट कोणती घ्यावी आणि क्लास कधी लावावा?

रॅकेट आणि क्लासवर शेवटी येतो. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, “सध्या ती रॅकेट कशीही पकडते, आवड लागली की ग्रिप नंतर सुधारता येईलच.” मी लिहायला बसलोय ते या वाक्यामुळे. मुलांना शिकवायला लागल्यापासून या “नंतर”शी माझं भांडण आहे.

लहान मूल रॅकेट उलथन्यासारखी धरतं. रॅकेटची जाळी सरळ समोर आणि अंगठा-तर्जनी रॅकेटच्या मुठीच्या (हँडलच्या) रुंद बाजूंवर. त्यात मुलाची चूक नाही. असं धरलं की समोरून आलेलं फूल (शटल) जाळीला लागतंच, पहिल्याच दिवशी रॅली होते आणि घरचे खूश होतात. अडचण डोक्यावरच्या फटक्याला येते. त्या फटक्याचा जोर कोपराखालचा हात आतल्या बाजूला वळण्यातून येतो, कुलपात किल्ली फिरवल्यासारखा. उलथन्याच्या पकडीत हात असा वळवला तर फूल लागण्याच्या क्षणी रॅकेट आडवी होते आणि फूल फ्रेमला लागून भलतीकडे जातं. दोन-चार वेळा तसं झालं की मूल हात वळवणंच सोडतं आणि कोपर पुढे ढकलून थोपटायला लागतं. बॅकहँडला (हाताच्या उलट बाजूने मारायच्या फटक्याला) तर ही पकड निरुपयोगी, कारण अंगठ्याला रेटा द्यायला जागाच मिळत नाही.

ही पकड मुरली की काय होतं ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो. तो 11 वर्षांचा असताना माझ्याकडे आला. आधीची 3 वर्षं त्याने याच पकडीने खेळून सोसायटीच्या स्पर्धा जिंकल्या होत्या, कारण कोर्टाच्या मध्यात उभं राहून सपाट फटके मारले तरी त्या वयात पुरतं. 13 वर्षांखालच्या गटात गेल्यावर समोरच्यांनी फूल मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकायला सुरुवात केली. याची क्लिअर, म्हणजे पलीकडे मागे टाकायचा उंच फटका, मागच्या रेषेपर्यंत पोचेचना. कोर्ट 13.40 मीटर लांब, आणि याचं फूल पलीकडे मध्यावरच उतरायचं. तिथून स्मॅश (वरून खाली मारलेला जोरदार फटका) येणार हे ठरलेलं. घरच्यांना वाटलं ताकद कमी पडते, म्हणून जोर-बैठका सुरू केल्या. ताकद भरपूर होती, ती फुलापर्यंत पोचत नव्हती.

त्याची पकड बदलायला 6 आठवडे लागले. पहिला आठवडा रॅकेट बंद, फक्त जुनी फुलं फेकणं. दुसऱ्या आठवड्यात बाल्कनीच्या ग्रिलला दोरीने फूल टांगलं. उंची अशी ठेवली की हात आणि रॅकेट पूर्ण ताणल्यावर बूच जाळीच्या मधोमध लागावं. रोज 50 फटके, सावकाश. मुठीवर मार्करने एक ठिपका केला, अंगठा आणि तर्जनीमधली खाच त्यावर आली पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून मी त्याच्याकडे हाताने फुलं टाकायला लागलो. आणि सगळे 6 आठवडे गुण मोजून खेळणं पूर्ण बंद. ही अट पाळली नाही तर बाकी सगळं वाया जातं, कारण 18-18 झाले की हात जुन्या पकडीवर जातोच. त्या काळात तो 9 वर्षांच्या मुलांकडूनही रॅलीत हरत होता. दोनदा रॅकेट टाकून घरी गेला. “नंतर सुधारू” याचा अर्थ हा असतो. सातव्या वर्षी हेच काम दोन-तीन आठवड्यांत, खेळता खेळता होतं.

आता तुमच्या मुलीसाठी. रॅकेटची कड जमिनीकडे आणि दुसरी कड आभाळाकडे राहील अशी ती तिच्यासमोर धरा आणि तिला मूठ हातात घ्यायला सांगा, कुणाशी हात मिळवतात तशी. उजव्या हाताची असेल तर अंगठा-तर्जनीची खाच मुठीच्या वरच्या अरुंद पैलूच्या डाव्या कडेवर यायला हवी. तर्जनी इतर बोटांपेक्षा थोडी पुढे. तळवा आणि मूठ यांच्यात तुमच्या करंगळीचं टोक शिरेल एवढी फट हवी. मूठ आवळलेली असेल तर मनगट बांधलं जातं. फटका लागताना बोटं आवळायची आणि लगेच सोडायची. बॅकहँडला रॅकेट बोटांत किंचित फिरवून अंगठा मागच्या रुंद पैलूवर सपाट टेकवायचा. रॅकेट जड वाटत असेल तर तिला मूठ वरच्या बाजूला, दांड्याजवळ धरू द्या. ते चालतं, महिन्या-दोन महिन्यांत हात आपोआप खाली येतो.

पहिल्या आठवड्यात फुगा वापरा. फूल जेमतेम 5 ग्रॅमचं असलं तरी सात वर्षांच्या डोळ्याला ते फार वेगाने येतं, आणि घाई झाली की हात उलथन्यावर जातो. फुगा पकड तपासायला वेळ देतो. दहा वेळा फोरहँडने वर उडवायचा, दहा वेळा अंगठा टेकवून बॅकहँडने, मग एकाआड एक. एकाआड एक जमलं की बोटांत रॅकेट फिरवणं आपसूक आलेलं असतं. त्यानंतर हेच फुलाने.

सोबत रोज 20 वेळा फूल फेकणं. फूल बुचाला धरायचं, नेटला खांदा करून उभं राहायचं, रॅकेटच्या हाताच्या बाजूचा पाय मागे, दुसरा हात वर, कोपर खांद्याच्या वर नेऊन फेकायचं. क्लिअर, ड्रॉप (नेटपलीकडे जवळच अलगद टाकलेला फटका), स्मॅश तिन्हींचा पाया याच हालचालीत आहे. बहुतेक मुलगे गल्लीत क्रिकेट खेळून हे शिकून येतात. मुलींच्या हातात कुणी चेंडूच देत नाही आणि मग म्हणतात की मुलींचा खांदा कमजोर असतो. चेंडू द्या.

फटक्यांचा क्रम नेटपासून मागे जाणारा ठेवा. बरेच जण पहिल्याच दिवशी मागच्या रेषेवरून क्लिअर मारायला लावतात. फूल पोचत नाही, मूल अंगाची ताकद लावतं आणि पकड बिघडते. तिला नेटपासून दोन पावलांवर उभं करा. तुम्ही नेटच्या पलीकडून हाताने, बूच पुढे ठेवून, अलगद फूल द्या. रॅकेटने द्यायच्या फंदात पडू नका. मोठ्या माणसाने रॅकेटने दिलेली फुलं दर वेळी वेगळी येतात. तिने रॅकेटच्या बाजूचा पाय पुढे टाकायचा, टाच आधी टेकवायची, पायाची बोटं फुलाच्या दिशेने ठेवायची आणि फूल नुसतं ढकलून नेटपलीकडे टाकायचं. गुडघा आत वळत असेल तर थांबवा, पाऊल छोटं करा. हे 15-20 फुलांचे चार फेरे. मग बॅकहँड सर्व्हिस, मग खालून उचलायचा लिफ्ट. डोक्यावरचे फटके त्यानंतर.

नेटची मधली उंची 1.524 मीटर असते आणि या वयाची मुलगी साधारण 1.20 मीटरची. तिला ते भिंतीसारखं वाटतं आणि ती प्रत्येक फूल खालून उडवते. दोन खांबांना 1.20-1.30 मीटरवर दोरी बांधा, सुरुवातीला तेवढं पुरे.

स्मॅशची घाई करणाऱ्या पालकांना मी नेहमी नंदू नाटेकरांची आठवण देतो. सांगलीचा हा माणूस 1956 मध्ये मलायातली (आजच्या मलेशियातली) सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय ठरला, आणि त्यांचं नाव झालं ते नेटजवळच्या नाजूक हातासाठी. तसा हात मूठ आवळून होत नाही.

आता रॅकेट. या वयाला 21 किंवा 23 इंची ज्युनिअर रॅकेट, पातळ मुठीची. पूर्ण लांबीची साडेसहाव्या-सातव्या वर्षी नको. मोठी घेतलीच तर हलकी आणि गटिंग (जाळीच्या दोऱ्यांचा ताण) 18 ते 20 पौंड. दुकानदार 24 म्हणेल, ऐकू नका. घट्ट गटिंगला जोर मुलाने लावावा लागतो. मुठीवर ग्रिपच्या दोन-दोन पट्ट्या गुंडाळू नका, जाड मूठ तळव्यात धरली जाते, बोटांत नाही. शटल नायलॉनचं चालेल. बूट गम सोलचे हवेत, धावायचे नकोत. त्यांची उंच टाच बाजूला पाय टाकताना घोटा मुरगाळते.

क्लास आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं, एवढा पुरे. लावण्याआधी हॉलमध्ये 20 मिनिटं बसा. मुलं रांगेत उभी राहून आपली पाळी येईपर्यंत किती वेळ घालवतात ते बघा, आणि सगळ्यात लहान तीन मुलांच्या हाताकडे बघा. तिघंही उलथनं धरून खेळत असतील आणि कोच “नंतर” म्हणाला, तर कोणत्या महिन्यात, ते विचारा. उत्तर नसेल तर घरी फुगा परवडला.

दोन गोष्टी राहिल्या. नेटच्या अगदी जवळ, फूल डोक्यासमोर आलं की मोठे खेळाडूसुद्धा उलथन्यासारखी पकड वापरतात. ते बरोबर आहे, पण ती मुद्दाम बदललेली पकड असते. मुलीने टीव्हीवर पाहून विचारलं तर तसं सांगा. आणि ती डावखुरी असेल तर हात बदलायला लावू नका. तिच्या समोर तोंड करून उभे राहा आणि तुमच्या उजव्या हाताने दाखवा, तिला आरशात बघितल्यासारखं सरळ कळतं. फक्त खाच तेव्हा वरच्या पैलूच्या उजव्या कडेवर.